धूर आणि फडके

गेल्या महिन्यात लेखापरीक्षकांचे एक पत्र फिरत फिरत माझ्या दिल्लीतील टेबलावर आले. २०२० ते २०२२ या काळात मी ओडिशात एका केंद्रीय संस्थेच्या रुग्णालयाचा वित्तविषयक कारभार पाहत होतो. त्या काळात खरेदी केलेली चार स्वयंचलित धूरफवारणी यंत्रे, ज्यांना आता आपण सगळेच फॉगिंग मशीन म्हणतो, त्यांपैकी तीन वापराविना पडून आहेत. खरेदीची गरज कशाच्या आधारे ठरवली आणि हा खर्च निष्फळ का समजू नये, याबाबत मान्यता देणाऱ्या तत्कालीन अधिकाऱ्याचे म्हणणे कळवावे, असा पत्राचा मजकूर होता. तत्कालीन अधिकारी म्हणजे मी.

अशा पत्राला उत्तर देण्याची एक ठरलेली पद्धत आहे. साथीची असाधारण परिस्थिती, तातडीची निकड, सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता आणि जेम पोर्टलवरून नियमानुसार खरेदी, या चार गोष्टी चार वाक्यांत लिहिल्या की आक्षेप बहुधा मिटतो. आमच्या बाबतीत ही चारही वाक्ये खरी होती. माझ्या सहायकाने अर्ध्या तासात तसा मसुदा करूनही आणला. तरी मी तो आठ दिवस सहीविना ठेवला. कारण त्या खरेदीच्या फाईलीबरोबर त्याच आठवड्यात माझ्यासमोर आणखी एक फाईल आली होती आणि तिच्याबद्दल लेखापरीक्षकांनी काहीच विचारलेले नव्हते.

ऑगस्ट २०२० चे ते दिवस आज आठवायचे तर थोडा प्रयत्न करावा लागतो. भाजी धुऊन घेत होतो, वर्तमानपत्र उन्हात ठेवत होतो, लिफ्टचे बटण कोपराने दाबत होतो. गावोगावी पालिकांचे टँकर रस्त्यांवर जंतुनाशक शिंपडत फिरत होते. कार्यालयांच्या दारांत फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले होते आणि त्यातून माणसांना चालवले जात होते. त्याच वर्षी मार्चअखेर उत्तर प्रदेशातील बरेलीत शहरांतून पायी परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा मारा केल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली होती. पाहून संताप आला. पण आपल्या कार्यालयाच्या दारातला बोगदाही त्याच जातीचा आहे, हे आमच्यापैकी किती जणांच्या मनात आले असेल, कोण जाणे.

आमच्या रुग्णालयात सहा रुग्णवाहिका होत्या. बाधित रुग्ण सोडून आल्यावर त्याच गाडीत पुन्हा बसायला चालक घाबरत होते आणि ती भीती मुळीच अनाठायी नव्हती. तेव्हा वैद्यकीय अधीक्षकांनी प्रस्ताव पाठवला की रुग्णवाहिकांसाठी तीन आणि बाह्यरुग्ण विभागाच्या प्रतीक्षागृहासाठी एक, अशी चार स्वयंचलित यंत्रे घ्यावीत. विक्रेत्याने आवारात प्रात्यक्षिकही करून दाखवले. यंत्र लहान सुटकेसएवढे. त्याच्या टाकीत हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण भरायचे, यंत्र रुग्णवाहिकेच्या मागच्या भागात ठेवायचे, दारे घट्ट लावायची आणि बाहेरून कळ दाबायची. आत द्रावणाचे अतिसूक्ष्म थेंब होऊन पांढरे धुके पसरते, ठरलेल्या वेळाने यंत्र आपोआप थांबते, मग काही वेळ गाडी तशीच बंद ठेवून शेवटी दारे उघडून हवा खेळू द्यायची. काचेतून ते धुके दाटत जाताना आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो. विक्रेता म्हणाला, "यात माणसाचा हात कुठेही लागत नाही." त्या वाक्याने आमचे सगळ्यांचे समाधान झाले, माझेही.

ही फाईल मी तीन दिवसांत मंजूर केली.

दुसरी फाईल तिच्यामागोमाग आली. रुग्णवाहिकांच्या शेडशेजारी गाड्या धुण्यासाठी उताराचा सिमेंटचा ओटा, दोन नळ, सांडपाणी रुग्णालयाच्या शुद्धीकरण यंत्रणेकडे नेणारी मोरी, आणि प्रत्येक पाळीला दोन सफाई कामगार, एवढाच तिचा विषय होता. प्रस्ताव पाठवणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याने हाताने काढलेला नकाशाही जोडला होता. खर्च यंत्रांच्या मानाने फार मोठा नव्हता, पण त्यातील कामगारांचा भाग दरवर्षी येणारा होता. मी शेरा लिहिला : 'उपलब्ध मनुष्यबळाच्या सुसूत्रीकरणाची शक्यता तपासून, सविस्तर समर्थनासह फेरसादर करावे.' शासकीय सेवेतील वाचकांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. म्हणून या दोन निर्णयांमागचे माझे तर्कशास्त्र मला आजही स्वच्छ दिसते. यंत्र एकदा घेतले की खर्च संपतो. माणूस घेतला की त्याचे वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा, पुढच्या वर्षाची तरतूद, सगळे मागे लागते. वित्त अधिकाऱ्याला अनावर्ती खर्चाची भीती वाटत नाही, आवर्ती खर्चाची वाटते. त्यात यंत्राला देयक असते, साठा नोंदवहीत क्रमांक असतो, उद्घाटनाचे छायाचित्र असते. पुसलेल्या गाडीचे छायाचित्र कोणी काढत नाही. ती न पुसलेल्या गाडीसारखीच दिसते. फ्रेडरिक बास्तिया या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने १८५० मध्ये, दिसणारे परिणाम आणि न दिसणारे परिणाम यांवर एक निबंध लिहिला होता. एम. ए. ला मी त्यावर उत्तर लिहून चांगले गुणही मिळवले होते. असो.

याहून अवघड जागेची गोष्ट अशी की, आवश्यक ती माहिती तेव्हा उपलब्ध होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजीच सार्वजनिक जागांच्या निर्जंतुकीकरणाबाबत सूचना काढल्या होत्या. त्यांत भर होता तो १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटने जमिनी व पृष्ठभाग पुसण्यावर आणि जिथे धातू खराब होईल तिथे अल्कोहोल वापरण्यावर. बाजारात मिळणाऱ्या ५ टक्क्यांच्या द्रावणात चौपट पाणी मिसळले की १ टक्क्याचे द्रावण तयार होते. यापेक्षा स्वस्त उपाय क्वचितच असेल. १८ एप्रिलला त्याच मंत्रालयाने माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असे स्पष्ट कळवले. हे दुसरे परिपत्रक आमच्या खरेदीच्या फाईलीत जोडलेलेही होते. आम्ही माणसांवर फवारत नाही, गाडीत फवारतो, म्हणून ते लागू नाही, अशी नोंद मी स्वतः केली होती. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने १५ मे २०२० रोजी काढलेल्या मार्गदर्शनात, बंदिस्त जागांतील पृष्ठभागांसाठीही नित्याची फवारणी वा धुरळणी करू नये, आधी साबण-पाण्याने घासून धुवावे आणि मग जंतुनाशकात भिजवलेल्या फडक्याने पुसावे, असे म्हटले होते. ते मी वाचलेले नव्हते. (माणसांवरच्या फवाऱ्याचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ५ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयाने केंद्राला त्याबाबत निर्देश काढण्यास सांगितले. तोवर बोगदे बऱ्याच ठिकाणी आपोआपच मोडीत निघाले होते.)

धुक्याने काम का भागत नाही, याची कारणे मला नंतर आमच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉक्टरांनी समजावली. त्यांतले एक कारण इतके साधे होते की ऐकून मी ओशाळलो. लहानपणी खरचटलेल्या गुडघ्यावर आई हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायची तेव्हा पांढरा फेस यायचा. तो फेस म्हणजे रक्तातील कॅटालेज नावाच्या विकराने त्या औषधाचे पाणी आणि ऑक्सिजन यांत केलेले विघटन. म्हणजे गाडीत जिथे रक्त सांडले आहे आणि कोणी पुसलेले नाही, नेमके तिथेच हे औषध वाया जाते. हायपोक्लोराइटचेही तसेच, मळ असेल तर त्याची शक्ती मळावरच संपते. शिवाय धुके उघड्या पृष्ठभागांवर बसते. पट्ट्यांच्या घड्या, बकलांच्या खाचा, गादीची खालची बाजू, स्ट्रेचरच्या रुळांची फट इथवर ते पुरेसे पोचेल याची खात्री नसते. रुग्ण हलवून रिकामी केलेली, नीट धुतलेली, कडेकोट बंद करता येणारी खोली असेल आणि परिणाम तपासण्याची सोय असेल, तर पेरॉक्साइडची वाफ हे उपयोगी साधन आहे, असेही त्या डॉक्टरांनी बजावले. त्यांचा रोख धुण्याऐवजी धूर देण्यावर होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने असे नोंदवले की, दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून कोविडचा संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. रोग मुख्यतः हवेतून पसरत होता. म्हणजे रुग्णवाहिकेला सर्वांत जास्त गरज होती ती खिडक्या आणि दारे उघडी ठेवून हवा खेळवण्याची, आणि आमचे यंत्र चालवायचे तर दारे घट्ट लावावी लागत होती.

हवेत औषध उडवून रोग घालवण्याचा मोह जुना आहे. जोसेफ लिस्टर हा शस्त्रक्रियेतील जंतुनाशक पद्धतीचा जनक. त्याने १८७० च्या दशकात शस्त्रक्रियागृहात कार्बोलिक आम्लाचा फवारा आणला. पुढे त्याचे त्यालाच पटले की हात, हत्यारे आणि जखम स्वच्छ ठेवणे महत्त्वाचे आहे, आणि १८९० मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत आपण फवाऱ्याची शिफारस केल्याबद्दल त्याने जाहीरपणे शरम व्यक्त केली. एवढ्या मोठ्या माणसाने असे सांगावे, हे मला फार विशेष वाटते. त्यानंतर सहाच वर्षांनी मुंबईत प्लेग आला आणि सरकारने गटारांत समुद्राचे पाणी व कार्बोलिक ओतले, घरे औषधाने धुऊन काढली. उंदरांवरच्या पिसवांमधून रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवले ते १८९८ साली. मधल्या काळात पुण्यात काय घडले आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी का झाडली गेली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. माझ्या आजीला तिच्या आईने सांगितलेली आठवण होती, की गोरे शिपाई घर औषधाने धुऊन गेले, सामान अंगणात फेकून गेले आणि माळ्यावर मेलेला उंदीर तसाच होता.

उलट उदाहरणही आपल्या शेजारचेच आहे. १९९४ च्या प्लेगनंतर सुरतेची जी कायापालट झाली, ती १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा रोज उचलून, गटारे वाहती ठेवून आणि अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून उठवून रोज सकाळी वस्त्यांत फिरायला लावून घडवली. तेव्हा मी सेवेत नवा होतो आणि त्या कामावर आम्ही प्रशिक्षणार्थी तासन्‌तास बोलत असू.

दुसरी लाट आली ती एप्रिल २०२१ मध्ये. तिचे वर्णन करत नाही. जून उजाडल्यावर थोडी उसंत मिळाली तेव्हा मी सवयीप्रमाणे हिशेब घेऊन बसलो. फवारणीच्या नोंदवहीत प्रत्येक फेरीनंतर यंत्र चालवल्याची नोंद होती. वेळ, वाहन क्रमांक, सही, सगळे जागच्या जागी. पण मे महिन्यातील नोंदींना जितके द्रावण लागायला हवे होते, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश भांडारातून गेले होते. अफरातफर असती तर द्रावण जास्त गेले असते. इथे द्रावण कमी आणि नोंदी जास्त होत्या. मी शेडवर गेलो.

तिथल्या सर्वांत जुन्या चालकाला नोंदवही दाखवली. ओडिया माणूस वडीलधाऱ्याशी वा साहेबाशी बोलताना वाक्यावाक्याला 'आज्ञा' म्हणतो. त्याचा अर्थ आपल्या 'होय जी' सारखा, पण मराठी कानाला पहिली काही वर्षे तो शब्द जड वाटतो.

"आज्ञा, नोंदी खोट्या आहेत," तो सरळ म्हणाला. "यंत्र लावायचे, थांबायचे, मग दारे उघडून पुन्हा थांबायचे. तासभर जातो. इकडे फोन वाजत असतो की पेशंटचा श्वास लागलाय. कोण थांबणार?"

मग त्याने गाडीचे मागचे दार उघडले, स्ट्रेचरवरची गादी उचलून उभी केली आणि काही न बोलता बाजूला झाला. गादीच्या खालच्या बाजूला आणि रुळाच्या फटीत तपकिरी थर वाळलेला होता. कधीचा ते सांगता येत नव्हते.

"हे धुराने जात नाही. हाताने काढावे लागते."

"मग काढत का नाही?" मी विचारले. विचारता क्षणीच उत्तर माझ्या लक्षात आले, पण प्रश्न तोंडातून गेला होता.

"पाणी कुठे आहे, आज्ञा?"

जवळचा नळ स्वयंपाकघराच्या मागे होता. चालक तिथून बादल्या वाहून आणत, घरून जुने कपडे आणत आणि जमेल तेव्हा जमेल तेवढे पुसत. अपघात विभाग आणि शेड मिळून दिवसपाळीला एकच सफाई कामगार बाई होत्या. तीन आठवड्यांपूर्वी एका गाडीत धुके चालू असतानाच बोलावणे आले. चालकाने यंत्र बंद केले, आणि ऑक्सिजन सिलिंडरची किल्ली आत राहिली होती ती काढायला त्या बाई तोंडावर पदर धरून आत गेल्या. त्यानंतर त्यांना खोकला लागला. दोन आठवडे त्या आल्या नाहीत, तेव्हा कंत्राटदाराने त्यांच्या जागी दुसऱ्या बाई लावल्या. त्यांचा खोकला त्या धुक्यामुळेच होता, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्या महिन्यात खोकण्याची कारणे पुष्कळ होती. रुग्णालयाच्या कुठल्याही कागदावर त्याची नोंद नव्हती, कारण त्या रुग्णालयाच्या कर्मचारी नव्हत्या. मी कंत्राटदाराला बोलावून त्यांना परत घ्यायला सांगितले. तो हो म्हणाला. पण त्या गावी निघून गेल्या होत्या आणि दिलेला फोन बंद होता. नंतर मी दोनदा विचारणा केली. तिसऱ्यांदा केली नाही.

इथे यंत्राच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. निघताना त्या चालकाला मी विचारले की यंत्रे निरुपयोगीच होती का. तो म्हणाला, "पहिल्या वर्षी ते यंत्र नसते तर आमच्यातले निम्मे लोक गाडीवर चढले नसते." त्या धुक्याने जंतू किती मेले हे कोणालाच ठाऊक नाही, सहा गाड्या चालू राहिल्या, हे मात्र खरे आहे. ही किंमत कोणत्या रकान्यात मांडायची, हे मला अजून सुचलेले नाही.

त्याच संध्याकाळी मी दुसरी फाईल शोधायला सांगितली. ती फेरसादर झालेलीच नव्हती. कनिष्ठ अभियंत्याच्या कपाटात होती. त्याने माझा शेरा वाचून जो अर्थ घ्यायचा तो घेतला होता. ओटा, नळ आणि मोरी मी मंजूर केली. कामगार मात्र दर पाळीला दोनऐवजी एकच देऊ शकलो; त्याहून पुढे जाण्याचा अधिकार मला नव्हता आणि वर पाठवलेला प्रस्ताव माझ्याच शब्दांत परत आला. निविदा, पावसाळा, ठेकेदार असे होता होता मे २०२२ मध्ये ओटा तयार झाला. गाडी उतारावर उभी करायची, गादी आणि पट्टे काढून साबणाने धुवायचे, मग हायपोक्लोराइटच्या फडक्याने पुसायचे, धातूचे भाग अल्कोहोलने, आणि दारे उघडी टाकून वाळू द्यायचे. सराव झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटे लागत. तेव्हापासून शेडमधली तीन यंत्रे कोणी उघडली नाहीत. चौथे क्षयरुग्णांच्या विलगीकरण कक्षात गेले. तिथे खोली रिकामी करून धुतल्यावर ते लावतात आणि ते ठीकच आहे.

म्हणजे लेखापरीक्षकांना जी यंत्रे पडून दिसली, ती पडून असणे हेच तिथले सुधारलेले काम होते. आक्षेप मात्र त्यावरच निघाला. ओटा एकवीस महिने उशिरा झाला यावर आक्षेप निघू शकत नाही, कारण त्या एकवीस महिन्यांत त्यावर एक रुपयाही खर्च झालेला नव्हता, आणि न झालेल्या खर्चाची तपासणी सहसा होत नाही.

आठ दिवसांनी मी सहायकाचा मसुदा फाडला नाही. त्यातली चारही वाक्ये ठेवली. त्याखाली लिहिले की, यंत्रे वापरात नाहीत कारण मे २०२२ पासून वाहने धुऊन पुसली जातात व ही पद्धत अधिक योग्य आहे; ती ऑगस्ट २०२० मध्येच प्रस्तावित झाली होती व अधोस्वाक्षरीकाराने ती परत पाठवली होती. सोबत माझ्या शेऱ्याची छायाप्रत जोडली. ती ओडिशाहून मागवायला आठवडा लागला.

सहायक माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे आणि या कामात माझ्याहून हुशार. तो म्हणाला, "सर, हे त्यांनी विचारलेलेच नाही. न विचारलेले सांगितले तर नवा आक्षेप निघेल."

मी म्हटले, निघू दे. मंगळवारी पत्र रवाना झाले. अद्याप उत्तर आलेले नाही.